मास्तरांचा ब्रेक

“गाढव!” मास्तर म्हणाले आणि राउंडला आलेले मोठे साहेब जागच्या जागी थबकले.

“सर, पक्षाघाताच्या झटक्यात वाचा गेलीये त्यांची,” मी म्हणाले. “तेवढा एकच शब्द उरलाय. सगळ्यांनाच म्हणतात.”

हे खरं होतं, तरी त्या दिवशी शब्द योग्य जागी पडला होता. साथ येताच साहेबांनी आमचा पक्षाघाताचा वॉर्ड उचलून व्हरांड्याच्या टोकाला टाकला होता आणि व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओंना गेटवर लोकांचा ताप मोजायला उभं केलं होतं. अशा रुग्णांना वेळेत उभं केलं नाही तर पुढे जड जातं, असं मी सांगितलं, तर म्हणाले, “सिस्टर, सध्या प्राधान्य वेगळं आहे.” तोंडावर मास्क होता म्हणून बरं. माझं तोंड किती वाकडं झालं ते त्यांना दिसलं नाही.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. सगळा जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर, पायाखाली जादा ब्रेक आणि तोंडात ‘गाढव’. आता उजवं अंग लुळं पडलं होतं, पण ब्रेकची सवय डाव्या पायाने उचलली. व्हीलचेअर वळणावर जरा जोरात ढकलली की तो पाय खच्चून दाबला जायचा. मला हसू यायचं.

बायको मागेच गेलेली. एकुलता एक मुलगा. नातेवाइकांना आत यायला बंदी होती, ती या चिरंजीवांच्या पथ्यावरच पडली होती. फोनवर म्हणाले, “बाबा स्वतःचे स्वतः उठत असतील तर नेतो घरी. नाहीतर एका संस्थेत बोलून ठेवलंय. आम्ही दोघंही घरूनच काम करतो ना, वेळच नसतो.”

दोघं दिवसभर घरात, घर मास्तरांनी बांधलेलं आणि वेळ नाही! असल्या माणसाशी बोलताना फोनसुद्धा पुसून घ्यावासा वाटतो.

“घरी जायचंय ना मास्तर?” मी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. “मग उठा.”

रोज दुपारी त्यांच्या कमरेला चादर गुंडाळून मी त्यांना उठवायची. ते कोलमडायचे, चिडायचे, मला गाढव म्हणायचे. एकदा वैतागून मीही म्हटलं, “तुम्ही गाढव!” तर वाकड्या तोंडाने कितीतरी वेळ हसत राहिले. पुढे चादर सुटली. खाटेची दांडी धरून एकटे उठायला लागले.

मग साहेबांना खाट रिकामी हवी झाली. मी मास्तरांचे केस विंचरले, त्यांना खुर्चीत बसवलं आणि औषधांच्या ट्रॉलीवर फोन टेकवून व्हिडिओ कॉल लावला.

“वा बाबा, मस्त दिसताय! एक मिनिट हं.” चिरंजीवांनी काहीतरी दाबलं. आवाज बंद करायला गेले आणि चित्र बंद झालं. आवाज चालूच.

“अगं, चांगले ताठ बसलेत. उभे राहिले तर आपल्या गळ्यात पडणार. नाही राहिले तर सुटलो.”

“हळू बोल ना.”

“बंद केलंय मी. ऐकू जात नाही त्यांना.”

चित्र परत आलं, हसूसकट. “हं बाबा, उठा बघू!”

मला मास्तरांकडे बघवेना. “उठा,” मी पुटपुटले. “घर तुमचं आहे.”

मास्तरांनी डावा पाय पुढे सरकवला आणि फरशीवर खच्चून दाबला. दाबूनच ठेवला. नजर फोनवर. मी वाट बघत होते, पण चिरंजीवांच्या वाट्याला ‘गाढव’सुद्धा आलं नाही.

“पाहिलंत ना सिस्टर? नाही जमत त्यांना,” ते तयार ठेवलेल्या दुःखाने म्हणाले आणि फोन बंद झाला.

“कशाला केलंत असं?” मला रडू फुटलं. “सगळी मेहनत पाण्यात!”

मास्तरांनी पाय मागे घेतला, दांडी धरली आणि उठून उभे राहिले. एकटे.

दुसऱ्या दिवशी संस्थेची गाडी आली. ड्रायव्हर मागचं दार उघडून उभा होता. मास्तरांनी मान हलवली आणि डाव्या हाताने पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट दाखवली. मी त्यांना तिथे बसवलं, पट्टा लावला. गाडी सुरू होण्याआधीच त्यांचा डावा पाय पुढे सरकला होता.