रेहाल उतरवण्याआधी

मी रोहिणखेडची एक जुनी रेहाल आहे आणि मला त्याचा गर्व आहे. रेहाल म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर सांगते. कुराण जमिनीवर ठेवत नाहीत. वाचताना ते ज्या लाकडी घडीवर उघडून ठेवतात, ती मी. मिटली की साधी फळी, उघडली की पसरलेले दोन तळहात.

मला जानरावांनी घडवलं. सागाची एकच फळी त्यांनी चिरली, पण आरपार नाही. मधोमध दाते असे कोरले की दोन्ही पानं एकमेकांत अडकून उघडमीट करतात. खिळा नाही, सरस नाही. जानराव रोज बुद्धवंदना करणारे आणि मी कुराणासाठी. तेव्हा गावात कुणाला यात नवल वाटलं नव्हतं. आज ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतःचं डोकं तपासून घ्यावं.

माझी मालकीण हाजराबी. रमजानच्या आधीचा महिना शाबान. त्या महिन्यात लोक खजूर, शेवया आणि कापड बघत फिरतात आणि त्यालाच तयारी म्हणतात. हाजराबी आजारपणात सुटलेले रोजे शाबानात धरायची. मला उतरवायची, पुसायची, तेलाचं बोट फिरवायची आणि रोज थोडं वाचून जिभेला वळण लावायची. सून रिजवाना मलकापूरहून सोनेरी प्लास्टिकची रेहाल घेऊन आली होती. कुराण ठेवताच ती डगमगली. आता टीव्हीजवळ शोभेला बसली आहे. बसू द्या बिचारीला.

यंदा मात्र शाबान लागला तरी मी भिंतीवरच. हाजराबी रोजे धरत होती, नमाज चुकत नव्हती, पण तिचा हात माझ्याकडे येईना.

"अम्मी, रेहाल उतारूं?" रिजवानानं विचारलं.

"रहने दे. दिल साफ नहीं."

कारण होती एक बकरी. हाजराबीच्या बकरीनं शेजारच्या अन्नपूर्णाबाईचा सांबार, म्हणजे कोथिंबिरीचा अख्खा वाफा खाल्ला होता. अन्नपूर्णाबाईनं भर बाजारात विचारलं. हाजराबीनं तितक्याच मोठ्यानं सांगितलं, बकरी माझी नव्हतीच, ही बाई खोटं बोलते. सोबत भाकर खाणाऱ्या या दोघी तेव्हापासून एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या. हाजराबीला पक्कं ठाऊक होतं, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील, माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ करावा लागतो. ठाऊक असूनही तिचा पाय उचलत नव्हता.

शाबानातच शब-ए-बरात येते. ती माफी मागायची रात्र. रिजवानानं सासूच्या मोबाईलवरून एक माफीचा मेसेज सगळ्यांना ढकलून दिला. झाली तयारी.

सकाळी अन्नपूर्णाबाई दारात. डोक्यावर भाजीचं टोपलं, हातात मोबाईल.

"हाजरा, हे तुहंच व्हय का?"

मोबाईलवर गुलाबाची फुलं होती. खाली लिहिलं होतं, जाने-अनजाने में दिल दुखाया हो तो माफ करना.

"सुनेनं धाडलं."

"काऊन? बकरी सुनेची होती का?"

हाजराबीनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"माही नात डिंपल सांगे, गॅसवाल्यालेबी हेच आलं. त्याचं काय खाल्लं वं तुह्या बकरीनं?"

हाजराबीला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "त्याचं कायी नाही. तुहा सांबार खाल्ला. बकरी माहीच होती. मी खोटी बोलली अन् तुले खोटी पाडली. माफ कर, अन्नपूर्णा."

"खोटी बाजारात पाडली. माफी घरात मांगते?" अन्नपूर्णाबाईनं टोपलं सावरलं. "आज बाजार हाये. चाल."

मित्रांनो, मी भिंतीवर होते. पुढचं रिजवानाच्या तोंडून ऐकलं. हाजराबी रोजा असताना उन्हात बाजारात गेली आणि अन्नपूर्णाबाईच्या भाजीच्या ढिगाशेजारी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. बकरी माझी होती, खोटी मी होते.

कांदे विकणारे किसनराव म्हणाले, "म्हातारे, मंग बकरीलेबी आनाव लागत होतं."

"ते मुकी हाये, तिले माफ," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "अन् हिलेबी माफ. घे वं हा सांबार, रोजा सोडाले."

घरी येताच हाजराबीनं वुजू केलं, म्हणजे हात, तोंड, पाय धुतले, आणि मला खाली घेतलं. पण इतकं धुऊनही तिच्या बोटांना सांबाराचा वास होता. आजवर मला अत्तराचे हात पुष्कळ लागले. या हातांइतका अभिमान मला कुठल्याच हातांचा वाटला नाही.

म्हणून सांगते. माझी निगा राखायची असेल तर तेल मागाहून लावा. ज्याचं मन दुखावलं त्याच्या दारी आधी जा, आणि जिथं दुखावलं तिथंच उभं राहून बोला. ते जमत नसेल तर मला उतरवू नका. मी भिंतीवर बरी आहे.