पाटीखालचा जोसेफ

रविवारी दुपारी आमचं घर लोकांना बघायला खुलं राहणार होतं आणि शनिवारीच माझं डोकं फिरलं होतं.

घर विकून देणारी ब्रेंडा खोलीखोलीतून हुकूम सोडत गेली. फ्रिजवरचे फोटो काढा, आरामखुर्ची गॅरेजमध्ये टाका, गोळ्यांच्या बाटल्या लपवा. वर म्हणते, "घेणाऱ्याला इथे स्वतःचं घर दिसायला हवं, लोरेन. तुमचं नको." म्हणजे इतकी वर्षं आम्ही इथे काय झक मारली?

माझा नवरा स्टॅन मदत करेल तर शपथ. जानेवारीत तो जिन्यावरून पडला आणि मी कामावरून येईपर्यंत खाली डोकं वर पाय असा पायऱ्यांवर अडकून होता. तेव्हापासून डावा हात लुळा. झोपायची खोली वर, बाथरूमही वर. रोज रात्री त्याला मागून ढकलत चढवताना माझी कंबर मोडते. मला बिनजिन्याचं घर हवंय आणि हे विकल्याशिवाय ते मिळणार नाही. तर साहेब म्हणतात, "मला काही धाड भरलेली नाही. हे तुझंच खूळ."

मागच्या वेळी लोक आले, कुकी खाल्ल्या आणि गेले. माझी बहीण तेरेसा फोनवर ओरडली, "अगं, जोसेफला पुरलंस का?" आमच्या चर्चमध्ये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. घर खपत नसेल तर 'विकणे आहे'च्या पाटीजवळ संत जोसेफची मूर्ती पुरायची, डोकं खाली, तोंड घराकडे. सुटका व्हावी म्हणून तो गिऱ्हाईक आणतो. मी मूर्ती आणलीही होती, पण ती खणातून गायब.

"स्टॅन, मूर्ती कुठे टाकलीस?"

"मला काय विचारतेस? तुझे संत तू सांभाळ."

रविवारी मी पुन्हा कुकी भाजल्या. पाठ वळली तर ताटलीतल्या दोन कमी.

"अरे, त्या घराला वास यावा म्हणून आहेत!"

"वास आहे तिथेच आहे. मी फक्त कुकी खाल्ली."

त्याला ओढत गाडीत बसवलं, कारण लोक बघायला येतात तेव्हा मालकाने घरात थांबायचं नसतं. निघताना पाहिलं तर पाटी कललेली. नीट रोवायला खुरपं घातलं, तर काहीतरी लागलं. जोसेफ! आणि ताठ उभा, रस्त्याकडे बघत.

मी तिथूनच किंचाळले, "हे तू पुरलंस? अरे, उलटा पुरतात! म्हणून तर कुणी घर घेत नाहीये!"

स्टॅनने काच खाली केली. "एका हाताने खणलं गं. तू कामावर होतीस. अख्खी दुपार गेली."

"मग एवढं केलंस तर नीट तरी करायचंस!"

तो माझ्याकडे बघेना. "खाली डोकं वर पाय कसं असतं, ते मला ठाऊक आहे. त्याला नाही मी तसा ठेवणार."

मला त्याचा इतका राग आला होता, आणि आता तो कुठे ठेवू ते कळेना.

कोपऱ्यावर ब्रेंडाची गाडी वळली. मी जोसेफचं तोंड तेवढं घराकडे फिरवलं, त्याला उभाच ठेवून माती लोटली आणि पाटी सरळ केली. हात धुवायला आत जायची सोय नव्हती, बेसिन घासून लखलखीत करून ठेवलं होतं. तशाच मातीच्या हातांनी मी गाडी सुरू केली.