डाव्या हाताचा आवाज

"चाचा, कानाचं मले काई नको. छातीत वाजलं पायजे," दिव्यानी म्हणाली आणि तिने बोलेरोचा मागचा दरवाजा उघडून धरला.

गाड्यांत स्पीकर बसवणाऱ्या बशीरने आत डोकावून पाहिले. बाकाखाली धानाचे दाणे सांडले होते, कोपऱ्यात कुणा सवारीची विसरलेली एकच चप्पल पडली होती. आरमोरी ते कुरखेडा सवाऱ्या नेणारी ही गाडी. ती स्वतः चालवणारी ही लटारू भाऊंची मुलगी रोज दुकानासमोरून जाताना हॉर्न वाजवून हात करायची. ओळख तेवढीच.

"छातीत वाजलं पायजे असं सगळेच पोट्टे मनतेत, बेटा. मंग काचा हालून राह्यल्या मनून माह्यासंगच भांडाले येतेत."

"माह्या बाबासाठी पायजे. त्याईले आता आयकू येत नाई."

बशीरने हातातला पेचकस खाली ठेवला.

लटारू भाऊंना तो ओळखत होता. कुरखेड्याकडच्या कुठल्याही गावात दंडार, म्हणजे रात्रीचा नाचगाण्याचा खेळ, असली की ढोलावर लटारू भाऊ आणि जंगू ही जोडी ठरलेली. एक थांबला की दुसरा ठेका उचलायचा, आणि कुणी कधी उचलले ते नाचणाऱ्याच्या पायांनाही कळायचे नाही. मग लटारू भाऊंचे कान हळूहळू गेले. कानात घालायचे यंत्र आणले, तर त्यातून नुसता कचरा येतो म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. दंडारीला जाणे बंद केले. मग गावात जाणेही. आता ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसतात, असे दिव्यानी म्हणाली. जंगूकाका भेटायला आले होते, तर बाबा आत जाऊन झोपून राहिले.

"मागच्या हप्त्यात ट्रॅक्टर दारात उभा होता," ती म्हणाली. "चालू. बाबानं भिंतीले हात लावला न् बसून राह्यले. ट्रॅक्टर जाईपर्यंत हात काढला नाई. मंग मले तुमची याद आली."

"हा काई इलाज नाई, बेटा."

"मालूम हाय मले."

आरमोरीच्या वडसा रस्त्यावरचे बशीरचे दुकान कॅसेटच्या जमान्यापासूनचे. लोक त्याला बाजेवाला म्हणत. मालगाड्या, लग्नाच्या गाड्या, नेत्यांच्या गाड्या, सगळ्यांत त्याच्या हातचा बाजा होता. पण त्याचे खरे प्रेम खालच्या आवाजावर. त्याचे वडील आठवडी बाजारांत कापड विकायचे. लहानपणी भामरागडच्या बाजारात दुपारी कापडाच्या गाठोड्यावर तो पडून राही, तेव्हा पलीकडच्या पाड्यावर कुणीतरी ढोल वाजवत असायचे. तो आवाज कानाआधी पाठीला कळायचा. जमिनीतून वर येऊन, गाठोड्यातून झिरपत, तो त्याच्या बरगड्यांत शिरायचा आणि तिथेच घर करून राहायचा. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या जागेत जे ऐकले, तेच आयुष्यभर तो प्लायवूडच्या पेटीत धरू पाहत होता. पोरांना मात्र फक्त दणका हवा असायचा. हल्ली त्यालाही कंटाळा आला होता.

आणि हल्ली त्याच्या कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. आधी वाटले, वायरिंगमध्ये दोष असेल. मग कळले, सगळे बंद केले तरी ती वाजतेच आहे. या वर्षी कोकिळा ओरडलीच नाही, असे तो एकदा बायकोला म्हणाला. हाजराने त्याच्याकडे पाहिले आणि चहा पुढे केला.

त्याने काम हाती घेतले. जाड प्लाय कापला, स्पीकरची मोठी पेटी जोडली, हवा बाहेर फेकायला पुढून रुंद भोक ठेवले. अशा भोकाच्या पेटीचा आवाज फार मोठा येतो. मागचा बाक काढावा लागला. सवाऱ्यांची जागा गेली, पण दिव्यानी म्हणाली, जाऊ दे. हाजराने पेटीवर करडे कार्पेट चिकटवले आणि कोपरे असे दुमडले की शिवण दिसू नये. "कब्र पे चादर डाल रही हूँ, ऐसा लगता है," ती हसून म्हणाली. "इतना बड़ा काहे को?"

लटारू भाऊंना दिव्यानीने सकाळीच आणले. अंगात धुतलेली बंडी, खांद्यावर दुपट्टा. बशीरने त्यांना मधल्या सीटवर बसवले. मोबाइलवर घेतलेले जुन्या दंडारीचे गाणे लावले आणि आवाज हळूहळू चढवला.

गाडी थरथरली. दुकानाचे पत्रे वाजू लागले. समोरच्या पानठेल्यावरची माणसे वळून बघू लागली. लटारू भाऊंनी सीटची कड घट्ट धरली. क्षणभर त्यांचा चेहरा उजळल्यासारखा झाला. मग विझला. त्यांनी हात वर केला, दार उघडले आणि ते खाली उतरले.

"यात ढोल कुठी हाय?" ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज नको तेवढा मोठा येतो. तो सगळ्या रस्त्यावर गेला. "हा तर ट्रॅक्टर हाय. मले ट्रॅक्टर दाखवाले आनलं का?"

रस्त्यावर कुणीतरी हसले. लटारू भाऊंना ते ऐकू आले नाही, पण दिसले. ते मागे वळून न पाहता गाडीत बसले आणि दिव्यानीने गाडी काढली.

वडिलांना घरी सोडून तिने गाडी परत दुकानासमोर आणून लावली, आणि बशीर दिवसभर त्या पेटीसमोर बसून राहिला. थंडीचे दिवस, उन्हात नुकत्याच कापलेल्या धानाचा वास. ढोल कुठी हाय? त्याने तेच गाणे पुन्हा लावले, डोळे मिटले आणि पेटीवर तळहात ठेवला. तेव्हा त्याला समजले. एक थाप पडायची आणि भोकातून हवा घुमत राहायची. ती विरायच्या आत दुसरी थाप यायची. सगळ्या थापा एकमेकींत कालवून त्यांची पेज झाली होती. ढोल म्हणजे नुसती थाप नव्हे, दोन थापांच्या मधली रिकामी जागाही ढोलच. ऐकू येणाऱ्याला ती जागा कान दाखवतात. लटारू भाऊंना कोण दाखवणार?

त्याने पेटी फोडली. नवी केली, लहान, सगळीकडून बंद. हवेला बाहेर जायला वाटच नाही. अशा पेटीत आवाज मोठा होत नाही, पण जिथे थांबायचा तिथे थांबतो. आत भरायला कापूस हवा होता. हाजराने माहेरून आणलेली उशी आणली आणि उसवून दिली.

"ये तो तुम्हारी अम्मी की है," तो म्हणाला.

"तो क्या हुआ. मेरी आवाज तो तुमको आजकल सुनाई नहीं देती. उनकी सुन लेना."

 ती कापूस पिंजत होती, बोटांनी, खाली मान घालून. म्हणजे तिला त्याच्या कानांचे आधीच कळले होते. तिच्या शेजारी बसून तोही कापूस मोकळा करू लागला. हवेत तंतू उडत होते, उन्हात ते चमकत होते, आणि दोघांच्याही केसांत बसत होते.

पेटी लहान झाल्यामुळे गाडीतला बाकही परत बसला. आता खरा ढोल हवा होता. मोबाइल खालचा आवाज धरतच नाही. वडशाच्या नाटक कंपनीच्या साउंडवाल्याकडून बशीरने चांगला माइक मागून आणला आणि दिव्यानीच्या गाडीतून तो जंगूच्या गावी निघाला. कुरखेड्याच्या पुढे सती नदीवर धुके होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सागाची पाने गाडीच्या वाऱ्याने उठत आणि पुन्हा झोपी गेल्यासारखी खाली बसत.

जंगू अंगणात वाट पाहत होता. काळा, काटक म्हातारा. "जोहार" म्हणत त्याने उजवा हात वर केला. डावा हात त्याने चादरीत ठेवला होता. ढोल गळ्यात घेताना ती चादर सरकली आणि दोघांनाही दिसले. तो हात लुळा नव्हता, पण त्याला वाटेल तेव्हा उठत होता, जंगूला हवा तेव्हा नाही.

"उन्हाळ्यात लकव्याचा झटका आलता," जंगू म्हणाला. "आता बरा हाय. लटारूले सांगू नका."

"काऊन नाई सांगतलं, काका?" दिव्यानीने विचारले.

"त्याचे कान गेले. आता मी माहा हात घेऊन त्याच्या पुढं जाऊ का?" मग तो बशीरकडे वळला. "चाचा, डाव्या हाताचा आवाज जाडा असते. लटारूले तोच लागन, नाई का? तुमच्या मशिनीनं तो वाढवता येते का?"

"येते," बशीर म्हणाला.

"मंग वाढवा. जसा होता तसा करा."

जंगू वाजवू लागला. उजवा हात अजून जवान होता. डावा मागून येत होता, थकलेला, चढावर मागे राहिलेल्या बैलासारखा. बशीरने माइक धरला आणि खाली पाहत राहिला.

दुकानात परतल्यावर तो बटणांशी बसला. वरचे आवाज कापले, खालचे उचलले. डाव्या हाताची थाप फुगवत नेली. पेटीतून ती भरदार, गोल येऊ लागली. कुणाला शंका आली नसती. पण पेटी सगळीकडून बंद, बिनभोकाची होती. थाप जिथे पडायला हवी तिथे जागा रिकामी राहत होती, आणि ती रिकामी जागा आता स्वच्छ कळत होती. जुन्या, घुमणाऱ्या पेटीत हे सगळे झाकले गेले असते. आवाज वाढवता येत होता, उशीर पुसता येत नव्हता. बशीरने पेटीवरचा हात बराच वेळ काढला नाही. पुन्हा भोक पाडण्याचा विचार त्याच्या मनात आला. करवतीकडे त्याने पाहिलेही. मग भोक न पाडताच त्याने बाजा बंद केला.

या वेळी त्यानेच जाऊन लटारू भाऊंच्या अंगणात गाडी उभी केली. रस्ता नाही, बघे नाहीत. दिव्यानीने वडिलांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. मग मुलीच्या तोंडाकडे पाहून ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. बशीरने त्यांचे दोन्ही तळवे सीटच्या पाठीवर टेकवून दिले आणि बाजा सुरू केला.

आवाज फार नव्हता. अंगणातल्या कोंबड्याही हलल्या नाहीत. पण लटारू भाऊंची पाठ सरळ झाली. त्यांचे डोळे मिटले. ओठ हलू लागले, बोल म्हणत असावेत. अंगणात ऊन पडले होते. बशीरला वाटले, आपणही लहानपणीच्या त्या कापडाच्या गाठोड्यावर पडलो आहोत आणि दूरच्या पाड्यावर कुणीतरी वाजवते आहे. कानातली शिट्टी अजून होती, पण ती फार लांब, रानाच्या पलीकडे गेल्यासारखी वाटत होती.

"जंगू," लटारू भाऊ म्हणाले. डोळे न उघडता. "जंगूचा हात हाय हा."

दिव्यानीने तोंडाला ओढणी लावली.

थोडा वेळ गेला. लटारू भाऊंच्या कपाळावर आठी पडली. त्यांची बोटे सीटवर हलत होती, ती थांबली. पुन्हा हलली, पुन्हा थांबली. कुणाची तरी वाट पाहिल्यासारखी.

"डावा मागं राहून राह्यला," ते म्हणाले.

बशीरने बटणाकडे हात नेला. लटारू भाऊंनी डोळे उघडले आणि त्याचा हात मधेच धरला.

"मोठा करू नको. मोठाच हाय. त्यात हात नाई." मग ते मुलीकडे वळले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू आला. "काय झालं त्याले?"

 दिव्यानीने आपला डावा हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि खाली पडू दिला.

लटारू भाऊ बसून राहिले. ढोल वाजत होता, एक हात पुढे, एक मागे. तो संपेपर्यंत त्यांनी तळवे काढले नाहीत. मग ते उतरले आणि घरात गेले. बशीरला वाटले, आता ते भिंतीकडे तोंड करून बसतील, आणि हे सगळे आपण केले. तो दिव्यानीला काही बोलणार, तोच म्हातारा बाहेर आला. डोक्याला पटका, पायात वहाणा, हातात मोहाच्या तेलाची बाटली.

"चाल," ते मुलीला म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

जंगूच्या गावाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. बशीर गाडीतच राहिला. त्याला उतरावेसे वाटले नाही. काचेतून त्याला अंगण दिसत होते, आणि आवाज येत नव्हता. जंगू उठून उभा राहिला, चादर सारखी करू लागला. लटारू भाऊंनी त्याला खांदा दाबून खाली बसवले आणि स्वतः त्याच्या डाव्या बाजूला बसले. दोघे काहीतरी बोलले असावेत, किंवा नसावेत. मग लटारू भाऊंनी तो हात चादरीतून काढून आपल्या मांडीवर घेतला, तळव्यावर तेल ओतले आणि ढोल वाजवण्याआधी कातडे उन्हात तापवावे तसा तो हात उन्हात धरून, एकेक बोट करत, चोळू लागले.