आवाजाचा उंबरठा

चुडाव्यात माणिकरावांच्या ओसरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतला पहिला टेलिफोन तिथल्या कोनाड्यात होता, आणि धुनीनाथ महाराज त्याच्यातली पीडा दाखवणार होते.

फोन आणि सून कुसुम एकाच महिन्यात घरात आली. तार म्हणजे आवाजाचा उंबरठा, असं सांगून महाराजांनी फोनच्या पूजेच्या दिवशीच दारावरच्या तारेला लिंबू लावलं. दर शनिवारी नवं, रसरशीत. तेव्हापासून येलदरीला नोकरीवर असलेला तिचा नवरा दिनकर फोनवर बोलू लागला की त्याचं बोलणं चुलीतल्या ओल्या सरपणासारखं तडतडे. सुनेचा पायगुण, महाराज म्हणाले. सासू धुरपताबाईंनी कुसुमची पेटी भरली. आज खरं ठरलं तर दुपारच्या गाडीनं माहेर, कायमचं.

दिनकरचा फोन लागला. कुसुम आत होती. माणिकरावांच्या कानात नुसती खरखर. महाराजांनी तिला अंगणात धाडलं, तारेवरचं लिंबू काढून तिच्या पाठीमागं ओवाळलं, आणि लेकाचा आवाज झऱ्यासारखा नितळ झाला. माणसांनी हात जोडले.

“ही भाईर, पीडा भाईर,” महाराज म्हणाले. “अजून काय पुरावा पायजे?”

पण दहावीपर्यंत शिकलेल्या कुसुमच्या ध्यानात आलं, बाहेर ती एकटी गेली नव्हती. लिंबूही तारेवरून उतरलं होतं.

“मामंजी,” ती अंगणातून म्हणाली, “मी हितंच थांबते. लिंबू तेवढं परत लावा.”

उतरलेलं लिंबू लावलं तर घात होईल, असं महाराज म्हणेपर्यंत माणिकरावांनी ते त्यांच्या हातातून घेतलं होतं. त्यात दोन सुया निघाल्या. त्या तारेतल्या जुन्या भोकांत बसल्या. सून अंगणात, तरी खरखर. लिंबू काढलं, कुसुम फोनाला खेटून उभी राहिली. आवाज नितळ.

तिनं समजावलं: एका वेष्टनात दोन तारा असतात. एकेक सुई एकेका तारेत, दोन्हींची टोकं एका लिंबात. आंबट रसातून वीज मधल्यामधे पळते, बोलणं फाटतं. आणि सुया खोवणारा हात एकच.

महाराज गाडीचं निमित्त काढून उठले.

“बसा की म्हाराज,” शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या. “घरात लग्नाची पुतणी हाय म्हणं तुमच्या. दिनकरशी तिचं स्थळ जुळवूनच जा.”

धुरपताबाईंची मान वर होईना. कुसुम त्यांच्याशी बोलली, पण ऐकत होती सगळी ओसरी.

“आत्याबाई, कुणी म्हणलं की अमकीमुळं वाईट झालं, तर एका टायमाला एकच गोष्ट बदलून बगा. आन् बाईला घराभाईर काढायच्या आधी बगा. काढल्यावर न्हाई.”