शंभरातले पंच्याण्णव

ट्रेमधून काढता काढता दोन अंडी तिच्या हातातच फुटली.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "कोंबड्या माझ्या, खाद्य तुझ्या नवऱ्याच्या गिरणीचं. खाद्यात चुना घालायचा सोडून जावईबापूंनी मलाच चुना लावलाय. तपास आणि काय ते एकदाचं सांग."

ती कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. सरांची परवानगी घेऊन तिने टरफलांची आतली पातळ साल सोलली, टरफलं भट्टीत वाळवली, खलात कुटली. अर्धा ग्रॅम पूड मोजून आम्लात टाकली. फेस बसला. आता उरलेलं आम्ल किती, ते ब्यूरेटच्या खुणांच्या नळीतून थेंबथेंब अल्कली सोडून मोजायचं. बाकीचं टरफलातल्या चुन्याने खाल्लं, असा साधा हिशेब.

फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. पण तेवढ्यात नवऱ्याचा तिसरा फोन आला, "झालं का?" आणि फ्लास्क गडद गुलाबी होऊन बसला. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा आकडाच टिपायचा राहिला. तिसऱ्या वेळी तिने फोन खणात कोंबला.

पंच्याण्णव टक्के चुना, चांगल्या टरफलात असतो तेवढाच. पुन्हा केलं, पुन्हा पंच्याण्णव.

"मी म्हणत नव्हतो?" नवरा फोनवर ओरडलाच. "कळव तुझ्या दादाला!"

तिने कळवलं नाही. खुर्चीत बसवेना. ब्यूरेट धुतली, पुसली, परत धुतली. शंभरातले पंच्याण्णव, पण शंभर कशाचे? टरफल जाड असो की पातळ, तिने पूड अर्धाच ग्रॅम घेतली होती. मग टक्के सारखेच येणार, मुळात टरफल किती ते कळणारच नाही!

ती खालच्या दुकानातून तेवढ्याच आकाराची अंडी घेऊन आली. त्यांची टरफलं वाळेपर्यंत भट्टीसमोर येरझारा घातल्या. दुकानातल्या एका अंड्याचं टरफल भरलं जवळपास सहा ग्रॅम. दादाचं जेमतेम चार.

घरी नवरा आरामात बसला होता. भुवयांवर गिरणीची धूळ तशीच.

"अहो, टक्के बरोबर आहेत. टरफलच कमी आहे. खाद्यात काय बदललंत?"

"काही नाही. चुनखडी तेवढीच आहे." मग भुवया पुसत, "खडा मिळेना म्हणून दोन महिने तिचं पीठ घालतोय. पण वजन तेवढंच हं!"

"खडा कोंबडीच्या पोटात रात्रभर टिकतो. टरफल रात्रीच बनतं. पीठ तोवर निघून जातं."

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"दादांना तू सांगशील?"

"तुम्ही सांगा."

"ते मला उभंसुद्धा करणार नाहीत."

"मग बाहेर उभे राहून सांगा."

सकाळी तो कुठून तरी खड्याची दोन पोती पैदा करून दादाकडे गेला. दुपारपर्यंत तिने दादाला दोनदा फोन लावला, उचलला नाही. शेवटी नवरा दारात आला, बुटांना कोंबड्यांची घाण.

"काय म्हणाले?"

"अर्धा तास बोलले. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, चहा घ्या."

"घेतलात?"

"दोन कप."

महिन्याभरात अंडी फुटायची कमी झाली. दादा खाद्य तिथूनच घेत राहिला. मात्र पोतं आलं की आधी मूठभर खाद्य तळहातावर पसरून त्यातले खडे चाचपतो. नवऱ्याला ते झोंबतं. आणि ती दर वेळी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहते, अजूनही.