एकोणिसाव्या पानामागचं नाव

आधीच सांगून ठेवते, मला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. वर्डमधलं तर अजिबातच नाही. बावीस वर्षं मी या कार्यालयात अहवाल टाइप करतेय. समास बिघडला, तक्ता पुढच्या पानावर पळाला, की भलेभले इंजिनियर "टाइपबाई, जरा बघता का?" म्हणत माझ्याच टेबलाशी येतात. मी आधी दोन शब्द सुनावते आणि मग बघते.

आमचं कार्यालय इमारती तपासतं. खांबाला भोक पाडून काँक्रीटचा नमुना काढायचा, तो प्रयोगशाळेत दाबून फोडायचा आणि किती दाबाला फुटला ते लिहायचं. हे काम काँक्रीटकाकांचं. त्यांचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे कोणी घेत नसे. निवृत्तीला तीन महिने उरलेले, शर्टाच्या बाह्यांवर कायम राखाडी धूळ, आणि आकडा विचारला की "थांबा, वही बघून सांगतो" हे ठरलेलं उत्तर. स्वतःचं वयसुद्धा वही बघून सांगतील, असं आम्ही चिडवायचो.

गोपनीय अहवालाची आमची एक पद्धत होती. सात जणांना सात प्रती. प्रत्येक प्रतीच्या प्रत्येक पानावर, मजकुराच्या मागे, ती ज्याची त्याचं नाव तिरकं, फिकट करड्या अक्षरांत. वॉटरमार्क. पान बाहेर फुटलं की मागचं नाव वाचायचं आणि माणूस धरायचा. डोकं मोठ्या साहेबांचं, हात माझे. आणखी एक रिवाज होता, ज्याचं काम त्याला पहिली प्रत. म्हणजे आकडे काकांचे असतील तर पहिली प्रत काकांना, नकाशे नकाशाखान्यातले असतील तर पहिली तिथे. त्यांनी चुका काढल्या की मग बाकीच्या सहा.

या वेळचा अहवाल एका चार मजली इमारतीचा होता. चाळीस बिऱ्हाडं, गच्चीवर पाण्याची भलीमोठी टाकी. टाकीखालच्या बारा खांबांपैकी सात खांबांचे नमुने काकांच्या यंत्रात निम्म्या दाबालाच भुगा झाले. काकांनी तिथल्या तिथे टाकी रिकामी करायला लावली. चार महिने ती माणसं खालच्या नळावरून चार-चार मजले पाणी वाहत होती आणि आम्हाला शिव्या घालत होती. अहवाल मंजूर झाला की टाकी पाडायची आणि माणसं हलवायची. नामंजूर झाला, तर टाकी पुन्हा भरायची. एवढं सरळ होतं. सरळ नव्हतं ते एवढंच, की ती इमारत बांधली गेली तेव्हा "सर्व काही उत्तम" म्हणून दाखल्यावर सही केली होती ती मोठ्या साहेबांनीच.

सोमवारी सकाळी अहवालाचं एकोणिसावं पान गावभर झालं. कोणीतरी फोटो काढला होता. ते पान म्हणजे परिशिष्टाचा आडवा तक्ता, बारा खांब आणि बारा आकडे. ज्याच्या त्याच्या फोनवर तो फोटो. आणि मोठा करून पाहिलं, की रेघांमागे तिरकं, फिकट, काकांचं नाव.

खरं सांगते, मला आधी रागच आला. तीन महिने राहिले होते, कशाला हात दाखवून अवलक्षण? साहेबांनी मंगळवारी काकांना आत बोलावलं. काचेतून दिसत होतं, काका उभेच होते, बसा कोणी म्हटलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा बाह्यांसारखाच राखाडी. माझ्या टेबलाशी थांबले.

"बाई, मी नाही हो काढला तो फोटो."

"काका, नाव तुमचं आहे," मी म्हणाले. "कागद काय खोटं बोलतो?"

त्यांनी नुसती मान हलवली आणि प्रयोगशाळेकडे गेले.

बुधवारी सकाळी साहेबांचा निरोप आला, आरोपपत्राला जोडायला एकोणिसाव्या पानाची एक स्वच्छ छापील प्रत हवी, काकांच्या फाइलमधून. साती फाइली एकाखाली एक होत्या. घाईत मी शेवटची उघडली, म्हणजे साहेबांची. थेट एकोणिसाव्या पानावर गेले आणि छपाईचं बटण दाबणार, तोच दिसलं. साहेबांच्या प्रतीत, तक्त्याच्या मागे, काकांचं नाव.

म्हटलं, डोळे फिरले की काय माझे! वर सरकवलं. अठराव्या पानावर साहेबांचं नाव. एकोणिसाव्यावर काकांचं. विसाव्यावर पुन्हा साहेबांचं. सहावी फाइल उघडली, तेच. पाचवी, चौथी, तिसरी, तेच आणि तेच. खुर्चीचा हात धरून बसले.

काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे कळलं, कारण वर्डमधलं मला सगळं कळतं ना! फाइल आतून घरासारखी असते, खोल्याखोल्यांची. उभी पानं एका खोलीत, आडवा तक्ता वेगळ्या खोलीत. वॉटरमार्क मेनूतून नव्याने घातला तर तो सगळीकडे लागतो. पण मी कशाला तेवढा वेळ घालवतेय! पहिली प्रत झाली की तीच फाइल दुसऱ्या नावाने जतन करायची, पानाचं डोकं उघडायचं आणि मागच्या नावावर पुढचं नाव टाइप करायचं. उभ्या पानांवर नाव बदलायचं. आडव्या पानाची खोली मात्र मीच तोडून ठेवलेली, त्याचा मथळा वेगळा हवा म्हणून. तिथे जुनंच नाव बसून राहायचं. आणि मी तपासायची फक्त पहिलं पान.

म्हणजे साती प्रतींच्या एकोणिसाव्या पानावर काकाच. फोटो सातांपैकी कोणीही काढलेला असू शकत होता. ज्याने काढला त्याने चांगलंच केलं, पण चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझ्या हातचा.

मग दुसरी गोष्ट आठवली. चार वर्षांपूर्वी नकाशाखान्यातल्या माझ्या मैत्रिणीला असंच घरी पाठवलं होतं. फुटलेलं पान नकाशाचं, म्हणजे आडवंच. पहिली प्रत तिचीच होती, रिवाजच तो. ती माझ्या गळ्यात पडून रडली होती, "मी नाही गं, तुझी शपथ." मी तिचे हात सोडवले होते. पंचनाम्यावर सही केली आणि तिच्या घरची पायरीही पुन्हा चढले नाही. जो मान मोडून काम करायचा, तोच दर वेळी माझ्या चुकीत सापडायचा. दुसरं कोणी सापडणारच नव्हतं.

जुन्या फाइली उघडून बघायची हिंमत मला झाली नाही. मी उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

सगळं सांगितलं. एका दमात, उभ्यानेच. साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खण उघडला, स्वतःची प्रत काढली आणि एकोणिसावं पान उघडलं. शोधावं लागलं नाही. त्या पानात कागदाची चिठ्ठी आधीच खोचलेली होती.

"बसा, बाई," ते म्हणाले. "किती वर्षं झाली तुम्हाला?"

"बावीस."

"गोपनीय अहवाल किती केले असतील?"

"तीनशे तरी."

"म्हणजे तीनशे अहवाल पुन्हा उघडायचे. नकाशाखान्यातल्या त्या बाईंचाही. तिच्या पंचनाम्यावर सही तुमची आहे, माझी नाही." आवाज इतका गोड की काकडलेच मी. "काकांचं काही वाईट होणार नाहीये. त्यांनी एवढंच लिहून द्यायचं, की आकड्यांची पूर्ण खात्री नाही आणि घाईत नोंदवले. फोटोचं प्रकरण मिटलं. पेन्शन सुरक्षित. तुमचंही नाव कुठे नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि टाकी?" मी विचारलं.

"टाकी पंचवीस वर्षं उभी आहे, बाई. तिला वर्ड येत नाही."

स्वतःच्याच विनोदावर ते थोडे हसले. आणि मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, जी दोन शब्द सुनावल्याशिवाय कोणाचा समासही लावून देत नाही, ती मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. अळीमिळी गुपचिळी.

जाग्यावर येऊन बसले. दुपारी समोरून काका आले, हातात वही. दुसऱ्या दिवशीच्या चौकशी समितीला दाखवायला नमुन्यांच्या नोंदी झेरॉक्स करत होते. यंत्रात कागद अडकला म्हणून मला हाक मारली. मी कागद काढून दिला. एक अक्षर बोलले नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे भाजी निवडत होते, त्यांचा हात थांबला. "मग तू साहेबाला सांगितलंस, काकांना नाही सांगितलंस?" मी तडकले. म्हटलं, तुम्हाला काय जातंय बोलायला, नोकरी माझी, सही माझी! ते पुन्हा निवडायला लागले. भाजी निवडून झाल्यावर म्हणाले, "चाळीस बिऱ्हाडं म्हणालीस ना?"

मी ताटावर बसले आणि दोन घासांत उठले.

सकाळी ठरवूनच निघाले. चौकशी समिती दुपारी तीनला बसणार होती. समितीपुढे साती फाइली उघडायच्या आणि आडवी पानं दाखवायची. तीनशे तर तीनशे. मैत्रिणीच्या पायाही पडायचं. गेल्यागेल्या साती एकोणिसावी पानं छापून घेतली, एकावर एक ठेवली आणि निवेदन टाइप करायला बसले. बावीस वर्षांत स्वतःसाठी टाइप केलेला पहिला कागद. चार ओळींचंच होतं, पण माझी बोटं सारखी चुकत होती.

साडेअकराच्या सुमाराला काका आले. हातात प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा होता. तो माझ्या टेबलावर ठेवला, हलकेच, आवाज न करता.

"साहेबांकडे द्या या. मी निघतो."

"निघता? अहो, तीन वाजता समिती आहे ना?"

"ती सकाळीच घेतली. दहा वाजता." ते खाली बघत होते. "बाई, दोन दिवस मी एकच विचार करतोय. प्रत माझ्या कपाटात होती, किल्ली माझ्या खिशात. मग फोटो निघाला कसा? मीच कुठे उघडी टाकली असणार. वय झालं. आणि प्रत उघडी टाकतो तर आकडाही चुकीचा लिहिला असेल, असं साहेब म्हणाले. मला पटेना. पण कागदावर नाव तर माझंच. तुम्हीच म्हणालात, कागद काय खोटं बोलतो. मग दिलं लिहून."

मी सात पानं त्यांच्यापुढे सरकवली. एकेका पानावर बोट ठेवत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्या पानाला त्यांना कळलं.

"चूक माझी आहे, काका. तुमचं काही चुकलेलं नाही. ना प्रतीचं, ना आकड्यांचं. माझं चुकलं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"काल."

"काल कधी?"

"सकाळी. दहाच्या आसपास."

"काल दुपारी तुम्ही मला झेरॉक्सचा कागद काढून दिलात."

मी रडायला लागले. तेवढंच येत होतं. काकांनी मला गप्प केलं नाही, रागेही भरले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून एकदम म्हणाले, "साहेब कुठे आहेत?"

साहेबांची खोली रिकामी होती. शिपाई म्हणाला, साहेब समिती उठल्याउठल्याच गेले. त्या इमारतीवर. लोकांना पाणी सुरू करून द्यायला.

काका धावत जिना उतरले. साठीचा माणूस, कठडासुद्धा न धरता. मी साहेबांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मग अहवालाचं पहिलं पान काढलं. तिथे संपर्कासाठी इमारतीच्या पहारेकऱ्याचा नंबर होता, मीच टाइप केलेला. फोन त्याच्या बायकोने उचलला. मागे बायका-पोरांचा नुसता गलका.

मी कोण, कुठून बोलतेय, ते सांगितलं. ती इतकी खूश झाली की मला पुढे बोलूच देईना.

"अहो ताई, तुम्हीच का त्या अहवालाच्या? देव तुमचं भलं करो! चार महिन्यांनी सुटले हो हातपाय. सगळी जणं कामं टाकून घरी आलीत, पिंपं धुतायत, म्हाताऱ्यांनासुद्धा वर आणलंय. मोठे साहेब आलेत, खाली गाडीत बसलेत."

"ऐका, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. टाकी भरू देऊ नका."

"भरू देऊ नका काय? भरलीच की," ती हसत म्हणाली. "वरून ओसंडतेय. पोरं गच्चीवर नाचतायत."