एका कारखान्याची तीन दारं

मी वेबसाइट बोलतेय. या, बसा. घाबरू नका, आल्या आल्या 'मान्य आहे' वर बोट दाबायला लावणार नाही. ते आजकालच्या पोरींचं. आमच्या वेळी माणूस आला की सरळ आत यायचा.

मी शिड्यांच्या कारखान्याची थोरली वेबसाइट. मला अक्षरओळख नाही. हसू नका! अंगभर लिहिलेलं आहे माझ्या, पण स्वतःच्या कपाळावरचं कधी कुणाला वाचता आलंय? लोक मोठ्याने वाचतात, त्यावरून मला कळतं माझ्या पोटात काय आहे ते. कान मात्र तिखट आहेत, आणि एकदा ऐकलेलं मी विसरत नाही.

माझा जन्म कारखान्याच्या पुढच्या खोलीतला. बाहेर रंधा चाललेला, हवेत भुसा, टेबलावर खिळ्यांचा डबा. माझा मालक दादा, तीन भावंडांत थोरला. वडील गेल्यावर कारखाना त्यानेच उचलून धरलेला. मला घडवलं त्याच्या मेहुण्याने. मेहुण्याला त्यातलं काही येत होतं असं नाही; पण त्याच्याकडे संगणक होता, आणि दाजींना नाही म्हणायची छाती नव्हती.

आधी फोटो झाला. दादा सगळ्यात उंच शिडीच्या वरच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. खाली शिडी धरायला वहिनी. मेहुण्याने बहिणीला फोटोतून कापलं, पण घाईत तिचे हात तेवढे राहून गेले. त्यामुळे माझ्या पहिल्या पानावर वर राजासारखा हसणारा माणूस, आणि खाली शिडीला घट्ट धरलेले दोन बिनधडाचे हात. फोन नंबर मेहुण्याने हौसेने पळता ठेवला. तो या टोकाकडून त्या टोकाला सुसाट जायचा. गिऱ्हाईक बिचारं अर्धा नंबर लिहून घ्यायचं आणि पुढच्या फेरीची वाट बघत बसायचं.

"दाजी, एक जोरदार वाक्य पाहिजे," मेहुणा म्हणाला.

दादाने चहाचा कप खाली ठेवला, छताकडे बघितलं. "लिही. आमच्या शिडीवर चढलेलं गिऱ्हाईक कधी खाली आलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे भरभराट रे! वर गेलं ते गेलंच."

मेहुण्याने लिहिलं. ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग ताई कारखान्यात आली. दादाच्या पाठची. ॲल्युमिनियमच्या शिड्या तिने सुरू केल्या, आणि चांगल्या खपायला लागल्या. एक दिवस म्हणाली, "दादा, माझ्याही शिड्यांचे फोटो टाक की साइटवर."

"जागा कुठंय?"

"साइटवर कसली रे जागा लागते?"

"लाकडाच्या शेजारी पत्रा शोभत नाही," दादा म्हणाला.

ताई तशीच उठून शेडमध्ये गेली. बाई अशी उठून गेली की समजून जावं. महिन्याभरात तिने आपली वेगळी साइट काढली. ती माझी मधली बहीण. नाव दोन अक्षरी, चटपटीत. आता बारक्या मागे राहतोय होय? तो सगळ्यांत धाकटा, दुमडत्या शिड्या करायचा. रंगारी लोक त्या शिडीला घोडा म्हणतात. त्यानेही काढली तिसरी. लिहायचा कंटाळा म्हणून दोघांनी माझ्या पोटातलंच उतरवून घेतलं, दादाच्या वाक्यासकट. वडिलोपार्जित इस्टेट असल्यासारखं ते वाक्य तिन्ही घरांत वाटलं गेलं.

तीन तिघाडा, काम बिघाडा.

कसं ते सांगते. लोक आता कुणाला रस्ता विचारत नाहीत, शोधपेटीला विचारतात. शोधपेटी म्हणजे नाक्यावरची चौकस बाई, तिला सगळ्यांची घरं ठाऊक. कुणी विचारलं, शिडी कुठे मिळेल, की ती आमच्याकडे बघायची. एकाच घरच्या तिघी, तिघींच्या तोंडी एकच वाक्य. कुणाला खरी म्हणायचं? नकोच ती भानगड, म्हणून ती पाहुण्याला भलतीकडेच धाडायची. शिड्या विकणारे आम्ही, आणि आम्हालाच वर चढता येईना!

भावंडांना याचा पत्ता नव्हता. जो तो म्हणायचा, मंदी आहे. मागची शेड गप्प झाली, कारागीर उन्हात बसून गप्पा मारायला लागले. मग एकदा जुना रंगकाम ठेकेदार दारात आला. त्याच्या गाडीच्या टपावर शिडी बांधलेली, परक्या कंपनीची.

"अहो, शोधलं मी तुम्हाला," तो ओशाळून म्हणाला. "दिसलाच नाहीत. मला वाटलं, कारखाना बंद पडला."

दादा त्या टपाकडे बघत राहिला. त्या आठवड्यात त्याने शोधवालीला बोलावलं. साइट लोकांना सापडावी कशी, हे सांगणं हाच तिचा धंदा.

ती आली तेव्हा तिघांचे जेवणाचे डबे अजून उघडे होते. शांत बाई, आधी ऐकून घेणारी. म्हणाली, "गिऱ्हाईक काय लिहून शोधतं ते सांगा."

"घोडा," बारक्या छातीठोकपणे म्हणाला.

तिने लिहिलं. पडद्यावर घोडेच घोडे! पांढरे, तपकिरी, एक तर शिंगराला पाजणारी घोडी.

"मॅडम, आमचा घोडा चारा खात नाही," बारक्या म्हणाला.

"विकलाही जात नाही," ताई म्हणाली.

शोधवालीने सगळं पाहिलं आणि म्हणाली, "तिन्ही एकत्र करा. तुमच्या तिघी बाहेरच्यांशी नाही, आपसातच भांडतायत. एकच घर करा."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "या दोघांनी माझ्यात यावं."

"तुझ्यात?" ताईने पोळीचा घास तसाच हातात धरला. "दादा, तुझा नंबर अजून पळतोय. काल एका बाईने मला विचारलं, तो पकडायचा कसा!"

"आणि नाव तुझं ठेवायचं?" दादा म्हणाला.

"दोन अक्षरं आहेत. फोनवर सांगता येतं. तुझं सांगायला घेतलं की समोरचा म्हणतो, थांबा, पेन आणतो. तो परत येतच नाही."

हे खोटं नव्हतं. मेहुण्याने माझ्या नावात कारखाना, वडील आणि शिडीच्या साऱ्या जाती एका दमात ओवल्या होत्या. तरी मला राग आलाच. थोरलीने मधलीच्या घरी जाऊन राहायचं?

"पण एक आहे," शोधवाली म्हणाली. "तिघींत वजन थोरलीचंच. दुसऱ्या पुष्कळ लोकांनी आपापल्या साइटवर हिचा पत्ता दिलाय. अशा बाहेरून येणाऱ्या वाटा असल्या की शोधपेटी मान देते."

दादा खुर्चीत सरळ झाला. "बघा! कामाची कदर. दाखवा, कोण कोण आहेत ते."

तिने पहिली वाट उघडली. कुणी तरी हसण्याचं दुकान मांडलं होतं, जाहिरातीतले विनोद म्हणून. त्यात दादाचा फोटो, हातांसकट. त्याखाली दादाचं वाक्य, आणि त्याखाली वाचणाऱ्यांचे शेरे. बारक्या मोठ्याने वाचायला लागला.

"'बिचारे अजून वरच असतील.' 'खालचे हात कुणाचे? आधीच्या गिऱ्हाइकाचे?' 'वर गेलेल्यांच्या नातेवाइकांनी पळत्या नंबरवर संपर्क साधावा.'"

"बारक्या, पुरे," ताई म्हणाली.

दुसरी वाट उघडली, तिथेही तेच. तिसरीही तसलीच. माझ्या पोटात काय लिहिलंय ते मला त्या दिवशी खरं कळलं.

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पुसून टाका हिला. आजच."

"सर, पुसली तर या सगळ्या वाटा भिंतीवर आपटतील. मिळालेला मान फुकट जाईल."

"जाऊ दे! वडिलांचं नाव आहे तिच्यावर. लोक हसतायत त्याला."

माझा जीव कुडीत राहीना. घटकाभरापूर्वी कुणाच्या घरी जायचं म्हणून फुगून बसले होते, आणि आता राहायचं की जायचं, हाच प्रश्न झाला.

ताईने डबा बाजूला सारला. "दादा, हसले, पण पत्ता दिला ना? माझ्या साइटचा पत्ता अजून वैऱ्यानेसुद्धा कुणाला दिला नाही. आणि तुझं वाक्य मी काय उगाच उतरवून घेतलं? आवडतं मला ते."

"आवडतं?"

"मला तर वाटायचं, तू मुद्दाम गमतीने लिहिलंयस."

दादा छताकडे बघायला लागला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे... थोडंफार मुद्दामच."

मी जन्मापासूनची साक्षीदार. मुद्दाम वगैरे काही नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही. माणसाची लाज राखावी.

"हिला पुसायची गरज नाही," शोधवाली म्हणाली. "घर मधलीचं करू, आणि ही दारात उभी राहील. जो हिच्याकडे येईल त्याला ही तिकडे पाठवेल. हिचा मानही तिच्यामागे जाईल."

"आणि वाक्य?" ताईने विचारलं.

दादाने कागद ओढला. लिहिताना त्याच्या मिशीत हसू आलं. वाक्य तसंच राहू दिलं आणि खाली एक ओळ जोडली. ताईने ती मोठ्याने वाचली आणि तिला ठसकाच लागला: 'ताजी बातमी: आता उतरण्याचीही सोय झाली आहे.'

असं तिघींचं एक घर झालं. लाकूड आणि पत्रा शेजारी शेजारी लागले, आणि कुणाची शोभा गेली नाही. बारक्याने घोड्याच्या मागे 'दुमडती शिडी' असं आडनाव लावलं, तेव्हा कुठे रंगारी यायला लागले. फोटो नवा काढला. "या खेपेला मला सगळीच्या सगळी घ्या," वहिनी म्हणाली. लगेच काही झालं नाही बरं का. शोधपेटी चौकस खरी, पण सावकाश. पावसाळा गेला, थंडी आली, मग हळूहळू ती आमचं नाव घ्यायला लागली. एका सकाळी ठेकेदाराचाच फोन आला. "सापडलात की हो! ती उतरायची सोय लाकडातही मिळते का?" मागच्या शेडमध्ये रंधा पुन्हा बोलायला लागला.

आता माझ्या पोटात काही नाही. फोटो, नंबर, वाक्य, सगळं मधलीकडे गेलं. मी नुसती दारात उभी. एवढ्याचं वाईट वाटतं की पाहुणा आला, मी 'या' म्हणेपर्यंत तो मधलीच्या घरी पोचलेलासुद्धा असतो. पाणी विचारायला वेळ मिळत नाही. आज तुम्ही इतका वेळ बसलात, हे नवलच.

दादाला भेटलात तर माझा एक निरोप सांगाल? म्हणावं, माझं नाव दरसाल नोंदवून ठेवायचं असतं, ते विसरू नकोस. नाव सुटलं की कुणी परका येऊन त्यात बिऱ्हाड करतो. मग शिडी मागायला आलेल्याला तो काय काय दाखवेल, ते या वयात माझ्या तोंडून वदवू नकोस. तेवढं जप. बाकी मला काही नको.

बरं, उठा आता. तुमच्या मागे रांग लागली असेल. सरळ आत जा, मधली भेटेल. तिला सांगा, थोरलीने पाठवलंय.